धावरे उठले आणि गाठ विरली



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेवर मास्तर आहे. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, तरी हा उठेना. शेवटी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "सर, आबांच्या मूत्राशयात गाठ निघाली. दुर्बिणीतून काढली. कॅन्सरची आहे म्हणाले, पण वरवरची, आत स्नायूत रुतलेली नाही. आता डॉक्टर म्हणतात, दर आठवड्याला एकदा असं सहा वेळा मूत्राशयात बीसीजी सोडायची. बीसीजी म्हणजे क्षयाची लस ना, सर? म्हणजे जिवंत जंतू! आई म्हणते, एक रोग काढायचा आणि दुसरा घालायचा, हा कुठला न्याय? भाऊबंदांतलं कुणी म्हणतं, गरिबावर प्रयोग चाललाय. काय करायचं, तुम्हीच सांगा."

मी रसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नव्हे. उपचार घ्यावा की न घ्यावा हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, आणि तसे मी त्याला आधीच सांगितले. पण त्याच्या आईने जो प्रश्न विचारला तो अडाणी प्रश्न नाही. एका रोगाच्या जंतूने दुसरा रोग कसा हटेल, हे कोडे शास्त्रज्ञांना शंभर वर्षे सतावत होते, आणि त्याचा उलगडा तुकड्यातुकड्यांनी होत गेला. त्या संध्याकाळी मास्तरांना जे सांगितले तेच आज, जरा नीटनेटके करून, तुम्हांला सांगणार आहे. मधे थोडे रसायनशास्त्र येईल. ते माझ्या पोटापाण्याचे आहे, तेव्हा सांभाळून घ्यावे.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्क शहरात, १८९० साली. विल्यम कोली नावाचा अठ्ठावीस वर्षांचा एक शस्त्रवैद्य नुकताच कामाला लागला होता. त्याच्याकडे सतरा वर्षांची एक मुलगी आली. हाताला काही लागल्याचे निमित्त झाले आणि दुखणे थांबेना. तपासणीत सार्कोमा निघाला. हाड, मांस अशा ठिकाणी होणाऱ्या कॅन्सरला हे नाव आहे. कोलीने कोपराखाली तिचा हात कापला. तरी दोन-अडीच महिन्यांतच, १८९१ च्या जानेवारीत, ती गेली. तरुण डॉक्टरच्या मनाला असा मृत्यू फार लागतो. कोली दवाखान्यातले जुने कागद उपसत बसला. अशा गाठीतून कुणी वाचले आहे का, एवढेच त्याला पाहायचे होते.

एक जण सापडला. जर्मनीतून आलेला एक माणूस, मानेवर गाठ. कापली की पुन्हा येई. डॉक्टरांनी आशा सोडली होती. एवढ्यात त्याला धावरे झाले. धावरे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कातडी लालभडक होते, तापते, ती लाली एका बाजूने धावत सुटते आणि हुडहुडी भरून सणसणीत ताप येतो. आपले जुने वैद्य ह्याला विसर्प म्हणत. तर ह्या माणसाला धावरे झाले, तापाने तो फणफणला, आणि ताप उतरता उतरता मानेवरची गाठ विरघळून गेली. कागदात एवढेच. पुढे त्याचे काय झाले कोण जाणे. कोली चिकाटीचा; न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत चाळीचाळीतून हिंडून त्याने तो माणूस हुडकून काढला. सात वर्षे झाली होती. माणूस ठणठणीत, मानेवर फक्त व्रण.

धावऱ्याने गाठ विरल्याचे कोलीच्या आधी काही जर्मन डॉक्टरांनीही लिहून ठेवले होते. पण कोलीने ते मुद्दाम घडवून आणायचे ठरवले. १८९१ च्या मे महिन्यात त्याने एका इटालियन रोग्याला धावऱ्याचे जंतू टोचायला सुरुवात केली. ह्या रोग्याच्या घशात गाठ होती आणि घास गिळणे मुष्किल झाले होते. धावरे काही केल्या नीट उठेना. शेवटी जर्मनीतून आणलेल्या जहाल जंतूंनी ऑक्टोबरात ते उठले, आणि असे उठले की रोगी हातचा जातो की काय असे झाले. पण दोन आठवड्यांत गाठ गेली. तो पुढे आठ वर्षे जगला.

आता इथे थांबून दुसरी बाजू ऐका, कारण अशा गोष्टींत ती नेहमी गाळली जाते. ज्यांना कोलीने जिवंत जंतू टोचले त्यांपैकी दोघे त्या धावऱ्यानेच दगावले. म्हणून त्याने जिवंत जंतू सोडून दिले आणि तापवून मारलेले जंतू टोचू लागला. त्यांत त्याने दुसऱ्या एका जंतूची भर घातली. हा दुसरा मोठा गमतीदार आहे. शिळ्या अन्नावर तो रक्तासारखे लाल ठिपके पाडतो. १८१९ साली इटलीतल्या पादुआजवळच्या खेड्यात मक्याच्या पिठाचा घाटा असा लाल झाला, तेव्हा ही भुताटकीच म्हणून लोक घाबरून गेले होते. कोलीने हे मिश्रण १८९३ च्या जानेवारीत सोळा वर्षांच्या एका मुलाला प्रथम दिले. त्याच्या पोटात मोठी गाठ होती. काही महिने सुया दिल्या, दर वेळी ताप चढे, आणि गाठ हळूहळू आटत गेली. तो मुलगा पुढे सव्वीस वर्षे जगला आणि हृदयविकाराने गेला.

एवढे होऊनही कोलीची लस मागे पडली. ह्यात सगळा दोष त्याच्या विरोधकांचा नव्हता, असे माझे मत आहे. त्याच्या मिश्रणाचे प्रमाण सारखे बदले, एका बाटलीत जोर असे तर दुसरीत नसे. कुणाला गुण येई, पुष्कळांना येत नसे. तेवढ्यात क्ष-किरण आणि रेडियम आले. त्यांचा परिणाम मोजता येई, लिहून ठेवता येई. आणि मुख्य म्हणजे, ही लस काम का करते ह्याचे उत्तर कोलीजवळ नव्हते. तो १९३६ साली वारला. त्याची मुलगी हेलन हिने, वैद्यकाची कोणतीही पदवी नसताना, बापाच्या रोग्यांचे कागद वर्षानुवर्षे जुळवले आणि १९५३ साली न्यूयॉर्कला कर्करोग-संशोधनाची एक संस्था काढली. ती नसती तर कदाचित हा धागा तुटलाच असता.

आता जंतूकडे वळू. मेलेल्या जंतूत असे काय होते की त्याने माणसाला ताप चढावा आणि गाठ विरावी?

पहिला धागा बर्लिनमध्ये सापडला होता, १८९२ साली. रिचर्ड फायफर हा पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूवर काम करीत होता. त्याला दिसले की जंतू मारून टाकले तरी त्यांच्या अंगात विष उरते, आणि ते तापवल्यानेही जात नाही. त्याने त्याला नाव दिले एंडोटॉक्सिन, म्हणजे आतले विष. पुढे १९४३ साली अमेरिकेत मरे शियर ह्याने कोलीच्या त्या लाल ठिपकेवाल्या जंतूतून एक पदार्थ वेगळा काढला. तो गाठ असलेल्या उंदराला टोचला की काही तासांत गाठीत रक्तस्राव होई आणि गाठ काळी पडून मरे. तोच हा पदार्थ.

हा पदार्थ जंतूच्या अंगरख्यात असतो. पटकी, विषमज्वर, प्लेग, तसेच आपल्या आतड्यात राहणारे कितीतरी जंतू, ह्या सर्वांना बाहेरून एक स्निग्ध आवरण असते. त्यातला प्रत्येक कण दोन भागांचा. बाहेर लोंबणारी साखरेची लांब साखळी आणि आत रुतलेली मेदाची मुळी. साबणाचा कण आठवा. एक टोक पाण्याकडे, एक तेलाकडे. तसेच. १९५० नंतरच्या वर्षांत जर्मनीतल्या ऑटो वेस्टफाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही मेदाची मुळी सुटी केली आणि तिला 'लिपिड ए' असे साधे नाव दिले. विष होते ते साखरेत नव्हे, ह्या मेदात. १९८५ साली जपानात ओसाका येथे हा मेद प्रयोगशाळेत, जंतूचा संबंधही न येता, जुळवून तयार केला गेला. त्यानेही ताप आला, त्यानेही सगळे परिणाम घडले. तेव्हा शंका फिटली.

रसायनाच्या दृष्टीने पाहाल तर ह्या मेदात भयंकर असे काही नाही. दोन साखरकणांची एक जोडी, तिला दोन फॉस्फेटे, आणि तिच्यावर रुजवलेल्या मेदाम्लांच्या सहा शेपट्या. शेपट्यांत बारा किंवा चौदा कार्बन. शिक्षक बंधुभगिनींनो, ही बारा आणि चौदा कार्बनांची मेदाम्ले तुमच्या घरच्या खोबरेल तेलात भरपूर आहेत; इथे त्यांतल्या काहींना एक हायड्रॉक्सिल गट जास्त जोडलेला असतो, इतकेच. पण त्यांची ही विशिष्ट जुडी बांधली की तिचा प्रताप असा, की माणसाच्या दर किलो वजनामागे दोन ते चार नॅनोग्रॅम रक्तात गेले तरी तासा-दीड तासात थंडी वाजून ताप भरतो. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करून त्यांतला एक.

शेपट्यांची संख्याही महत्त्वाची. सहाच्या चार केल्या तर माणसाच्या शरीराला तो पदार्थ ओळखूच येत नाही. प्लेगचा जंतू नेमकी हीच लबाडी करतो. पिसवेच्या थंड पोटात असतो तेव्हा तो सहा शेपट्या बाळगतो. माणसाच्या अंगातली ऊब लागली की चार शेपट्यांचा अंगरखा चढवतो आणि पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत आत शिरतो. १८९६ साली मुंबईत उतरलेल्या प्लेगने जी दैना केली त्यामागे ह्या वेषांतराचाही हात असला पाहिजे.

पहारेकरी म्हटले, ते कोण?

१८८२ साली इलिया मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने सिसिली बेटावर असताना तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झाल्या होत्या. आपल्याही शरीरात अशा पेशी आहेत. मेलेल्या पेशी, धूळ, जंतू, जे परके आणि निरुपयोगी ते गिळून टाकणे हा त्यांचा धंदा. इंग्रजीत मॅक्रोफाज म्हणतात. आपण भक्षक पेशी म्हणू. यकृतात, फुप्फुसात, कातडीखाली, सगळीकडे त्यांची गस्त चालू असते.

कोडे असे होते. शियरचा पदार्थ काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींवर नुसता घातला तर त्या मरत नसत. शरीरात घातला तर गाठ मरे. म्हणजे मधे कुणीतरी आहे. तो कोण, ह्याचा शोध न्यूयॉर्कच्या लॉइड ओल्ड, एलिझाबेथ कार्सवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. कोलीच्या मुलीने काढलेल्या संस्थेच्या शास्त्रीय कामाची धुरा पुढे ह्याच ओल्डने वाहिली. १९७५ साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी त्यांनी काही उंदरांना बीसीजी टोचली. हो, तीच आपली बीसीजी. तिने उंदरांच्या भक्षक पेशी वाढल्या, माजल्या. मग ह्या तयार उंदरांना एंडोटॉक्सिन दिले आणि दोन तासांनी त्यांचे रक्त काढून वरचे पाणी, म्हणजे सीरम, वेगळे केले. हे सीरम त्यांनी दुसऱ्याच, गाठ असलेल्या उंदरांना टोचले. गाठी काळ्या पडून मेल्या. सीरममध्ये उरलेल्या एंडोटॉक्सिनचे हे काम नव्हे, हेही त्यांनी पडताळले. कारण बशीतल्या काही कॅन्सरपेशी, ज्या एंडोटॉक्सिनला दाद देत नसत, त्या ह्या सीरमने मरत. ह्या द्रव्याला त्यांनी नाव दिले ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. ट्यूमर म्हणजे गाठ, नेक्रोसिस म्हणजे कुजून मरणे. आपण त्याला गाठनाशक द्रव्य म्हणू. आणि ते बाहेर टाकणाऱ्या पेशी मुख्यतः ह्या भक्षक पेशीच असे पुढे नक्की झाले.

म्हणजे पाहा, गाठ मारणारा जंतू नव्हता. जंतूची चरबी ही नुसती दवंडी होती. दवंडी ऐकून गावातले लोक काठ्या घेऊन बाहेर पडले, आणि मार दिला तो त्यांनी. मास्तरांना मी हेच सांगितले, "अरे, आबांच्या मूत्राशयात क्षय सोडत नाहीत. आबांच्याच पेशींना हाक मारतायत."

दवंडी ऐकायला कान हवेत. ते कान सापडायला आणखी तेवीस वर्षे लागली. उंदरांची एक जात अशी होती की तिला एंडोटॉक्सिन कितीही द्या, ढिम्म. ह्या जातीचा कोणता वंशघटक बिघडला आहे हे अमेरिकेत डॅलस येथे ब्रूस बॉयटलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली शोधून काढले. एका अक्षराची चूक होती. ज्या प्रथिनात ती चूक होती त्याचे नाव टोल-लाइक रिसेप्टर चार. आपल्या टोलनाक्याशी त्याचा काही संबंध नाही. ह्याचाच भाऊबंद फळमाशीत पहाऱ्याचे काम करतो हे फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन ह्याने दाखवले होते, १९९६ साली. बुरशीपासून माशीचे रक्षण तो करतो. फळमाशी आणि माणूस, दोघांच्या अंगात एकाच घडणीचे पहारेकरी! बॉयटलर आणि हॉफमन ह्यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिसरे मानकरी राल्फ स्टाइनमन. भक्षक पेशीच्या पृष्ठावर हा रिसेप्टर असतो. त्याच्या जोडीदार प्रथिनात एक खोबण आहे. लिपिड एच्या शेपट्या तिच्यात जाऊन बसतात, आत निरोप जातो, आणि पेशी गाठनाशक द्रव्य बनवू लागते.

हे द्रव्य गाठीला मारते कसे? काही पेशींना ते थेट मरणाचा हुकूम देते. पण बहुतेक कॅन्सरपेशी एवढ्याने मरत नाहीत. त्याचा मोठा मारा गाठीच्या रक्तवाहिन्यांवर असतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, कच्च्या. ह्या द्रव्याने त्या झिरपू लागतात, आत रक्त गोठते, आणि गाठीचा रसद-पुरवठा तुटतो. शियरच्या उंदरांच्या गाठी काळ्या का पडत, ते आता कळले.

एवढे कळल्यावर साहजिकच सर्वांना वाटले की कॅन्सरवर रामबाण सापडला. १९८४ साली ह्या द्रव्याचा वंशघटक हाती आला, ते कारखान्यात बनू लागले. आणि इथेच गोष्टीला वळण लागले.

न्यूयॉर्कमध्येच अँथनी सेरामी नावाचा दुसरा एक शास्त्रज्ञ निराळाच प्रश्न घेऊन बसला होता. आफ्रिकेत त्सेत्से माशीने पसरणारा एक गुरांचा रोग आहे. आपल्याकडच्या सर्रा रोगाच्या जातकुळीचा. त्यात जनावर खंगत जाते. सेरामीच्या प्रयोगशाळेत सशांना तो रोग लावला, तेव्हा अंगात परजीवी थोडेच, पण ससे वाळून काटक्या झाले. मग त्यांना खातो कोण? कोणतेतरी द्रव्य त्यांच्याच शरीरात तयार होत असले पाहिजे. सेरामीने त्याला नाव दिले कॅशेक्टिन, खंगवणारे. १९८५ साली त्याने आणि त्याच्याकडे तेव्हा काम करणाऱ्या बॉयटलरने हे द्रव्य शुद्ध करून पाहिले. कॅशेक्टिन आणि गाठनाशक द्रव्य एकच निघाले! त्याच वर्षी त्यांनी दाखवले की ह्या द्रव्याला अडवणारे प्रतिद्रव्य आधी दिले तर उंदीर एंडोटॉक्सिनच्या मारक मात्रेतूनही पुष्कळदा वाचतात. म्हणजे जंतूंचे विष रक्तात पसरल्यावर रोग्याचे हातपाय गार पडतात, रक्तदाब कोसळतो, त्यात मोठा वाटा आपल्याच पेशींनी सोडलेल्या ह्या द्रव्याचा.

चूल पेटली तर भाकरी होते. कडब्याची गंजी पेटली तर वाडी जळते. विस्तव तोच.

कॅन्सरच्या रोग्यांना हे द्रव्य शिरेतून देऊन पाहिले तेव्हा असेच झाले. गाठ मरण्याइतकी मात्रा द्यावी तर त्याआधी रोग्याचाच रक्तदाब कोसळे. त्या मार्गाने औषध म्हणून ते फुकट गेले. मग १९९२ साली स्वित्झर्लंडमध्ये लेज्यून आणि लिएनार ह्या डॉक्टरांनी एक युक्ती काढली. सार्कोमा पायात असेल तर त्या पायाचा रक्तप्रवाह उरलेल्या शरीरापासून काही वेळ तोडायचा, यंत्राने फिरवायचा, आणि त्यातच हे द्रव्य कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाबरोबर घालायचे. काम झाले की धुऊन काढायचे. कित्येकांचे हातपाय त्यामुळे कापायचे टळले. युरोपात १९९९ पासून ह्या उपचाराला मान्यता आहे. कोलीच्या त्या पहिल्या मुलीची आठवण मला इथे झाल्याशिवाय राहत नाही.

उलट, संधिवाताच्या एका दुष्ट प्रकारात हेच द्रव्य सांध्यांत सतत पाझरत राहते. तिथे त्याला अडवणारी औषधे देतात. पण ती देण्याआधी डॉक्टर रोग्याला क्षयाची तपासणी करायला लावतात. कारण आपल्यापैकी अनेकांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू पूर्वी केव्हातरी शिरलेले असतात, आणि भक्षक पेशींनी त्यांच्याभोवती कडे करून त्यांना कोंडून ठेवलेले असते. ते कडे टिकवून धरते हे द्रव्य. ते अडवले की कैदी सुटतात.

आता पुन्हा आबांकडे. ते द्रव्य सगळ्या अंगात उसळू द्यायचे नाही, गाठीपाशीच उसळू द्यायचे, हा सगळा प्रश्न. आणि मूत्राशय ही तर आयतीच पिशवी! नळी घालून औषध आत सोडा, दोन तास ठेवा, लघवीवाटे काढून टाका. १९७६ साली कॅनडातल्या किंग्स्टन गावच्या आल्वारो मोरालिस ह्या डॉक्टरांनी नऊ रोग्यांवर बीसीजी अशी वापरल्याचा वृत्तांत छापला; आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. मास्तरांच्या कागदावर तेच सहा आठवडे होते. तेव्हा गरिबावर नवा प्रयोग वगैरे काही नाही. वरवरच्या पण परत उलटण्याचा धोका असलेल्या गाठीसाठी जगभर हा उपचार चालतो.

बीसीजीचा जंतू मूळचा गुरांच्या क्षयाचा. फ्रान्समध्ये लील येथे काल्मेत आणि गेरँ ह्या दोघांनी तो १९०८ पासून तेरा वर्षे बटाट्याच्या फोडींवर, बैलाच्या पित्तात, दोनशे तीस वेळा एका नळीतून दुसरीत वाढवला, तेव्हा कुठे तो मवाळ झाला. त्याला कॉलऱ्याच्या जंतूसारखा अंगरखा नाही, लिपिड ए नाही. त्याचे आवरण मेणाचे. खोबरेलाच्या मेदाम्लात बारा-चौदा कार्बन, तर ह्याच्या मेदाम्लांत साठापासून नव्वदापर्यंत! हे मेणही भक्षक पेशींना चांगलेच झोंबते, त्यासाठी त्यांच्याकडे निराळे कान आहेत. औषध सोडल्यावर काही तासांनी रोग्याच्या लघवीत गाठनाशक द्रव्य आणि त्याच्यासारखी इतर अनेक द्रव्ये सापडतात. पुढे दुसऱ्या प्रकारच्या लढाऊ पेशीही येतात. मूत्राशयातले यश एकट्या गाठनाशक द्रव्याचे नव्हे, सगळ्या जमावाचे आहे.

एक खुलासा इथे केलेला बरा. लहानपणी दंडावर बीसीजी टोचून घेतली म्हणून कॅन्सर होत नाही, असे नाही. आणि दुसरे. आपल्या खेड्यापाड्यांतून गाठीला डाग देणारे, बिब्बा घालून फोड आणणारे अजून आहेत. उद्या त्यांतला एखादा ही धावऱ्याची गोष्ट ऐकून म्हणेल की आम्ही हेच तर करतो. ते हे नव्हे. कोलीच्या हातूनसुद्धा, जंतू हाताशी असून, माणसे दगावली. अंगावर न दुखणारी गाठ आली, लघवीतून रक्त गेले, तर त्या दिवशी एसटी धरावी आणि दवाखाना गाठावा. आबांनी रक्त दिसल्यावर चार महिने काढले होते. उन्हाळी लागली म्हणून सब्जा पीत राहिले.

मास्तर घरी गेले आणि त्यांनी आईला काय नि कसे सांगितले ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या सोमवारी आबा गेले. नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे दोन तास लघवी धरून ठेवली. घरी आल्यावर पुढचे सहा तास बसूनच लघवीला जायचे आणि दर वेळी संडासात ब्लीचचे पाणी ओतून पाव तास ठेवायचे, कारण जंतू जिवंत असतात. ते काम आईने आपल्याकडे घेतले. रात्री थोडी कणकण आली, जळजळ झाली. मास्तरांचा मला फोन आला, "सर, ताप आलाय." मी म्हटले, "किती?" म्हणाले, "शंभर." मी म्हटले, "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" तर म्हणाले, "एक-दोन दिवस थोडा येईल म्हणाले होते. जास्त चढला किंवा उतरला नाही तर ताबडतोब या म्हणाले." दुसऱ्या दिवशी तो उतरला. "दवंडी पोचली वाटतं," आबा म्हणाले म्हणे.

सहा डोस झाले. मग तीन महिन्यांनी दुर्बीण घालून पाहिले, मूत्राशय स्वच्छ निघाले. अजून काही वर्षे पाहत राहावे लागणार आहे, मधूनमधून पुन्हा डोसही आहेत. पुढची तपासणी आषाढात आहे. पेरणी आटोपली की जाऊ, असे आबांचे म्हणणे. मास्तरांनी मात्र तारीख शाळेच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.